काठी पाडायचा तास

गोदावरीच्या काठचा तालुका असूनही आमच्या शाळेला उंच उडीच्या खड्ड्यासाठी वाळू मिळाली नाही, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर पटत नाही. आमच्याकडे वाळू हा शब्द जरा हळू आवाजातच उच्चारतात. मी क्रीडाशिक्षक म्हणून रुजू झाले त्या महिन्यात मुख्याध्यापकांकडे वाळूची मागणी केली, तेव्हा त्यांनी आधी दार लोटून घेतलं आणि मग म्हणाले, "मॅडम, दुसरं काहीही मागा."

दुसरं काहीही म्हणजे सोयाबीनचं भुसकट. मळण्या झाल्या की ते शेताशेतात ढिगानं पडलेलं असतं आणि त्यावरून कुणाचे वादही होत नाहीत. मुलांनी घरून रिकामी पोती आणली, पालकांनी भुसकट दिलं आणि आमची गादी तयार झाली. तिच्यात एकच दोष होता. तिच्यावर पडलेला माणूस पुढचे दोन तास खाजवत बसायचा. मुलांनी तिचं नाव खाजगादी ठेवलं. एखाद्या वर्गातून गणिताच्या तासाला सतत कराकरा आवाज येऊ लागला की आधीचा तास खेळाचा होता, हे सगळ्या शाळेला कळायचं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. वडील गेवराईच्या मोंढ्यात पोती उचलायचे, आई निंदायला जायची. मला शारीरिक शिक्षणाची पदवी मिळाली तेव्हा आईनं शेजारणीला सांगितलं, "पोरगी पळून पळून मास्तरीण झाली." ती अगदी कौतुकानं बोलली होती. पण शेजारणीला पहिले दोनच शब्द ऐकू आले आणि मग गैरसमज दूर करायला आईला सगळी गल्ली फिरावी लागली.

तर या खाजगादीवर उडी मारणाऱ्या एका मुलीची ही गोष्ट.

ती नववीत होती. घरी मेंढरं. गावाच्या कडेला पत्र्याचं घर आणि शेजारी कोकरांची खोपी. सकाळी मेंढरांचं उरकून यायचं म्हणून तिला रोज उशीर व्हायचा, आणि उशीर झाला की शाळेचं फाटक बंद. एकदा मी फाटकाजवळ उभी असताना तिनं दप्तर आत फेकलं, दोन पावलं मागं घेतली आणि शेजारची कमरेएवढी भिंत ओलांडून आत आली. हात टेकला नाही, पाय लागला नाही. मी तिला शिक्षा केली. शिक्षा म्हणून तीच उडी पुन्हा मारायला लावली, नीट बघता यावी म्हणून.

एकटी असली की ती वाऱ्यासारखी जायची. कुणी बघतंय असं कळलं की मात्र निराळंच चालायचं. धावत काठीजवळ यायची, अगदी उडी घ्यायच्या जागी थांबायची, खाली वाकायची आणि बुटाची नाडी बांधू लागायची. तिच्या बुटांना नाडी नव्हती. ती तरी बांधायची.

तालुक्याची स्पर्धा तिनं अशा चारदोन नाड्या बांधूनही जिंकली, त्याचं कारण मी प्रामाणिकपणे सांगते. स्पर्धेला मुलीच चार होत्या. एक मैत्रिणीच्या बदली आली होती. दुसरीनं काठी बघून पंचांना विचारलं, "सर, खालून गेलं तर चालतं का?" तिसरी जराशी उडायची, पण तिला लाज वाटायची. आमची जिंकली.

गावाला हे बारकावे नको होते. गावाला सत्कार हवा होता.

आमच्या गावात एक आबा आहेत. पूर्वी पंचायत समितीचे सदस्य होते. शेती मोठी, मन मोठं आणि आवाजही मोठा. गावात कुणाला कसलंही यश मिळालं की त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायची त्यांना सवय आहे. सत्काराला त्यांनी शाल, नारळ आणि भाषण असं सगळं आणलं होतं. मलाही दोन शब्द बोलायला लावले. मी नुकतीच एका प्रशिक्षण शिबिराला जाऊन आले होते. तिथं शिकवलेलं मला जसंच्या तसं पाठ होतं. मी म्हणाले, "खेळाडूनं आपण जिंकलोय असं चित्र सतत डोळ्यांपुढं ठेवावं. मन आधी जिंकतं, शरीर मागून जिंकतं."

टाळ्या पडल्या. आबांनी एवढ्या जोरात मान डोलावली की फेटा सावरावा लागला. माझं ऐकून कुणाच्या तरी डोक्यात काहीतरी शिरलं, या आनंदात मी घरी गेले.

दोन दिवसांनी सकाळी चौकात आले तर बॅनर. दोन उभ्या बांबूंच्या मध्ये, वरच्या आडव्या बांबूला बांधलेलं, हॉटेलच्या पत्र्याहून मोठं. वर ठसठशीत अक्षरं: जिल्हास्तरीय उंच उडी स्पर्धेत प्रथम क्रमांक पटकावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!

जिल्ह्याची स्पर्धा व्हायला अजून पंधरवडा होता.

मध्यभागी आबा, कानाला मोबाईल लावून. हा फोन ते कितीतरी वर्षं बॅनरवर उचलत आलेत, पलीकडं कोण असतं कुणास ठाऊक. कोपऱ्यात त्या पोरीचा आधारकार्डावरचा फोटो. त्यात ती अशी दिसत होती, जणू नुकतीच कुणाची तरी मेंढी चोरताना पकडलीय. खालच्या रांगेत शुभेच्छुक. डेअरीचे चेअरमन आणि पंक्चरवाला यांच्या मध्ये मी.

मी तडक आबांच्या घरी गेले.

"आबा, स्पर्धा व्हायचीय अजून!"

"म्हाईत हाय की मला," आबा म्हणाले. "तुमीच म्हणलात ना, जिंकल्याचं चित्र डोळ्यापुढं ठिवायचं? आता एकटीच्या डोळ्यापुढं ठिवून काय उपेग? समद्या गावाच्याच ठिवलं."

"अहो, पण हरली तर?"

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच अपशकुनी. "मॅडम, असं अभद्र बोलू नका. तुमीच धीर सोडल्यावर पोरीनं काय करावं? मन आधी जिंकतं म्हणतेत." मग आतल्या बाजूला वळून ओरडले, "मॅडमला चहा टाका गं! घाबरलेत त्या."

बॅनर उतरवा म्हणून मी आणखी एकदा सांगून पाहिलं. अभिनंदन एकदा लावलं की उतरवत नसतेत, असं कळलं.

त्या दिवसापासून त्या पोरीचं चालणंच बदललं. चौकात हॉटेलवाला हाक मारायचा, "ये चॅम्पियन, चहा घे!" किराणावाला सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट द्यायचा आणि वर म्हणायचा, "ताकद येऊ दे." देवळापाशी बसलेल्या म्हाताऱ्या तिला थांबवून विचारायच्या, "तूच का गं ती, उडणारी?" एकीनं तर तिला तिथंच थोडंसं उडून दाखवायला सांगितलं. शेवटी ती चौक सोडून कॅनॉलच्या कडेनं, लांबचा वळसा घालून शाळेला येऊ लागली. उशीर आणखी वाढला.

आणि उडी बंद झाली. आता कुणी बघत असो नसो, धावत यायची, थांबायची, नाडी बांधायची. भिंत ओलांडणंसुद्धा सोडलं. उशीर झाला की फाटकाबाहेर उभी राहायची, मुकाट्यानं.

एक दिवस सगळी मुलं गेल्यावर ती माझ्याकडं आली.

"मॅडम, माझं नाव काढा."

"कावून?" मी विचारलं. पदवी घेतली तरी अडचणीच्या वेळी माझ्या तोंडून गावचंच येतं.

"मला न्हाई जायचं बीडला."

"अगं, पण कावून?"

ती पायानं माती उकरू लागली. मग म्हणाली, "हारले तर ते बॅनर कोण काढणार? आबा न्हाई काढायचे. ऊन लागून फाटंस्तवर तिथंच राहंल. त्याच्याखालून मीच जाणार ना रोज."

तिच्या भीतीचा एवढा नेमका पत्ता मला शिबिरातल्या कुठल्याही तज्ज्ञानं सांगितला नव्हता. मी म्हटलं, जिल्ह्याला नाव पाठवायला अजून आठवडा आहे, तोवर थांब. तोवर काही जमलं नाही तर मी स्वतः तुझं नाव काढीन. ती हो म्हणाली. तिला सुटका दिसत होती आणि मला आठवडा.

मी शिबिरातलं एकेक बाहेर काढलं. खोल श्वास घ्यायला लावला. खाजगादीशेजारी बसून खोल श्वास घेतल्यावर व्हायचं तेच झालं, भुसकटाची धूळ नाकात गेली आणि आम्ही दोघी शिंकत सुटलो. मग डोळे मिटायला सांगितले.

"काय दिसतं?"

"बॅनर."

"त्याच्या पलीकडं बघ."

"पलीकडं आबा हायत."

"आबांच्या पलीकडं बघ गं!"

तिनं प्रामाणिकपणे डोळे आणखी घट्ट मिटले. "दिसत न्हाई मॅडम. आबा लई रुंद हायत."

मग मी तिला माझी गोष्ट सांगितली. दहावीच्या निकालाच्या दिवशी गेवराईत पेढे मिळत नाहीत, सकाळीच संपतात, म्हणून माझ्या वेळी वडिलांनी आदल्या दिवशीच पेढे आणून ज्वारीच्या पिठाच्या डब्यात लपवून ठेवले होते. भाकरी करायला पीठ काढताना मला ते सापडले. डब्यात पेढे आणि निकाल उद्या! मी आईला विचारलं, नापास झाले तर हे पेढे कोण खाणार? आई परातीतून मान वर न करता म्हणाली, "आपणच खाऊ की. पेढे हायत ते, पास-नापास बघून गोड लागत्यात व्हय?"

मला वाटलं ही गोष्ट तिच्या काळजाला भिडेल. मला आजही ती आठवली की भरून येतं. वडिलांनी तेव्हा पाठीवर किती पोती जास्त घेतली असतील, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

पोरीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण तुमी पास झालता ना मॅडम?"

पास झालेल्या माणसानं नापासाला भिऊ नको म्हणणं म्हणजे काठावर उभं राहून बुडणाऱ्याला पाण्याचं कौतुक सांगणं. हिच्यापुढं कुणीतरी खरंखुरं पडायला हवं होतं. शब्दांनी पडून चालणार नव्हतं.

त्यावर विचार करताना मला एक अशी गोष्ट आठवली, जी मी पदवीच्या परीक्षेत मार्कांसाठी लिहिली होती आणि लिहून विसरले होते. उंच उडीत काठी वर वर सरकतच राहते. सगळे एकेक करून बाद होतात, शेवटी एकटी राहते ती जिंकते. पण तीही पुढच्या उंचीला उडतच राहते आणि कुठंतरी तिचीही काठी पडतेच. पहिली आलेलीसुद्धा काठी पाडूनच घरी जाते.

हे तिला सांगितलं तर ती संशयानं बघायला लागली. "जिंकलेली बी पाडते?"

"हो."

"मंग लोक टाळ्या कावून वाजवतेत?"

"आधीच्या उड्यांच्या."

"आमच्या गावातले न्हाई वाजवायचे," ती म्हणाली, आणि हे तिचं खरं होतं. त्याचा प्रत्यय आम्हाला पुढं आलाच.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या मुलांना मैदानावर उभं केलं आणि बांबूची काठी माझ्या डोक्याच्याही वर लावली. "आज काठी पाडायचा तास," मी सांगितलं. "कुणीही ओलांडायची नाही. ओलांडेल तो बाद. जो चांगला पडेल त्याला मार्क. पहिला नंबर माझा."

मी ओढणी कमरेला बांधली. धावले. शिक्षकखोलीच्या खिडकीत इतिहासाचे सर चहाचा कप घेऊन आले होते, ते मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले, पण तोवर उशीर झाला होता. मी उडाले असं म्हणण्यापेक्षा मी बांबूवर चाल करून गेले. बांबू माझ्यासोबत आला, माझ्याखाली सापडला आणि कडकन तडकला. मी पोत्यांवर आडवी, तोंडात भुसकट, एक चप्पल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला.

मग सगळी शाळा एका आवाजात ओरडली, "मॅडम पडल्या!" एवढा आनंद मी पंधरा ऑगस्टलाही बघितलेला नाही. शिपाईमामा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले आणि म्हणाले, "हळद बी आणू का, का एवढ्यावर भागंल?" इतिहासाचे सर तास संपेपर्यंत खिडकीतून हलले नाहीत.

तडकलेल्या बांबूला सुतळी गुंडाळून तो पुन्हा लावला. एकेक मूल धावलं आणि पडलं. कुणी काठी घेऊन पडलं, कुणी काठीला धरून. तिची पाळी आली. ती धावली. मी तिच्या पायांकडं बघत होते. नाडी बांधायची जागा आली आणि मागं गेली. ती सरळ काठीत घुसली, बांबू उडाला आणि ती पोत्यांत गडप झाली. बराच वेळ वर आली नाही म्हणून मी घाबरून गेले, तर आत पडून हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

त्यानंतर आमचा रोजचा सराव पडण्यानं सुरू व्हायचा. पहिली उडी काठी पाडायची. मग खाजवायचं. मग खऱ्या उड्या. आठवडा संपला तेव्हा तिनं नाव काढायचा विषय काढला नाही. मीही नाही काढला.

तिचे वडील रोज त्याच वेळी मेंढरं घेऊन शाळेच्या कुंपणाशेजारून जायचे. आधी नुसते बघायचे. मग एक दिवस थांबले आणि मला म्हणाले, "बाई, माझी पोरगी लई भारी पाडती की काठी! बाकीच्यायला एवढं जमत न्हाई."

"अहो, काठी पाडायची नसते," मी समजावू लागले. "ती ओलांडायची असते. आपण पाडतो कशासाठी, तर भीती जावी म्हणून..."

एवढ्यात मेंढरं पुढं गेली. मेंढरांमागं तेही गेले. माझं समजावणं अर्धंच राहिलं.

बीडला जायला आबांनी स्वतःची जीप आणि ड्रायव्हर दिला. हे मी मोकळ्या मनानं सांगते, कारण त्यांची थट्टा करताना त्यांच्या गाड्या आम्ही किती वापरल्या, हे विसरून चालणार नाही. निघताना आबा खिडकीपाशी आले आणि पोरीला म्हणाले, "घाबरू नगंस. बॅनरवर जिंकलीयस तू आधीच." पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीची काच वर केली.

बीडच्या मैदानावर खरी फोमची गादी होती. सरावाच्या वेळी तिनं पंचांना काठी लई वर लावायला सांगितली, धावत गेली आणि ठरल्याप्रमाणे पाडली. शहरातल्या मुली काटेरी बूट घालून बघत होत्या. पंच म्हणाले, "अगं, एवढी उंची तुला झेपणार आहे का?" ती म्हणाली, "न्हाई सर, पाडायचीच होती." आणि गादीवरून उठेचना. मी जवळ गेले तर डोळे विस्फारून मला म्हणाली, "मॅडम, टोचत न्हाई!"

स्पर्धा सुरू झाली. प्रत्येक उंचीला तीन संधी, तिन्ही चुकल्या की घरी. काठी चढत गेली, मुली गळत गेल्या. शेवटी दोघी उरल्या, ही आणि एक उंच, सडपातळ मुलगी, जिचे आईवडील गॅलरीतून तिला ज्यूस दाखवत होते. काठी माझ्या खांद्याला आली. त्या मुलीच्या तिन्ही गेल्या. आमच्या पोरीच्या दोन गेल्या. तिसरी उरली.

आणि ध्वनिक्षेपकावरून तिचं नाव पुकारलं. गावासकट.

गावाचं नाव ऐकताच तिचा चेहरा उतरला. मला कळलं की तिच्यापुढं आता काठी नाही, चौक आहे. ती धावत आली, काठीजवळ थांबली आणि खाली वाकली. नाडी बांधू लागली. पंचांनी घड्याळाकडं बघितलं. तिनं मान वर करून मला शोधलं.

शिबिरातलं एकही वाक्य मला आठवेना. घामानं माझी मान खाजायला लागली होती. म्हणून मी खाजवली. कराकरा, दोन्ही हातांनी.

तिनं ते बघितलं आणि तिला हसू फुटलं. तिथं, पंचांपुढं, सगळ्या मैदानापुढं. ती तशीच हसत मागं गेली, हसतच धावली आणि काठीवरून अशी गेली, जशी आमच्या शाळेच्या भिंतीवरून जायची. काठी हललीसुद्धा नाही.

मी ओरडले का रडले, ते मला सांगता येणार नाही. शेजारच्या एका सरांनी नंतर माझ्याकडून त्यांची छत्री परत मागितली, ती माझ्या हातात कशी आली, हेही माहीत नाही.

ती जिंकली होती. पंचांनी विचारलं, आणखी वर लावायची का? ती म्हणाली, लावा. काठी माझ्या हनुवटीला आली. तिनं तीनदा पाडली. शेवटची तर इतकी सुंदर पाडली की आमच्या शाळेत पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते.

नेमक्या याच वेळी आबांचा ड्रायव्हर जागा झाला. सकाळपासून तो जीपमध्ये झोपला होता. आबांचा फोन आला होता, पाहुणे आलेत, गाडी घेऊन लगेच ये. जाता जाता पुरावा म्हणून त्यानं मैदानात येऊन तेवढी एक उडी मोबाईलवर घेतली आणि गावाच्या ग्रुपवर टाकून तो निघून गेला. माझ्या फोनची बॅटरी सकाळच्या उड्या टिपतानाच संपली होती. आम्ही दोघी पदक डब्याच्या पिशवीत घालून एसटीनं गेवराईला आणि तिथून वडापच्या जीपनं गावात आलो.

दिवस मावळत होता. चौकात उतरलो तर बॅनर नाही. दोन उभे बांबू आणि वरचा आडवा बांबू तेवढे उरले होते. हॉटेलवाल्यानं आम्हाला बघून रेडिओचा आवाज कमी केला आणि न विचारता दोन चहा पुढं ठेवले. पैसे घेतले नाहीत. आमच्या गावात फुकट चहा फक्त मयताच्या घरच्यांना मिळतो.

"होतं असं मॅडम," तो म्हणाला. "पोरीनं कमी न्हाई केलं. काठीच वंगाळ होती."

"व्हिडिओ बघितला समद्यांनी," किराणावाला म्हणाला. "धडाकन पडली. बघवना."

पोरगी काही बोलणार होती. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. मला जरा मजा घ्यायची होती. एवढा हक्क तर माझा होताच.

आबा आले. चेहऱ्यावर सुतक. "मॅडम," ते म्हणाले, "मी आधीपासून म्हणत होतो, घाई करू नये. तुमचं ते डोळ्यापुढं चित्र का काय, त्यानं पोरीवर दडपण आलं. पण जाऊ द्या, तुमी बी नवीन हाव."

मी चहाचा घोट गिळला. "बॅनर कुठंय आबा?"

"उतरवलं दुपारीच. पोरीला बघून वाईट वाटू नये म्हणून." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिच्या बापाचं मातुर काही खरं न्हाई. व्हिडिओ बघितला अन् टाळ्याच वाजवायला लागला. 'पाडली! पाडली!' म्हणून. धक्का बसला बिचाऱ्याला. आमी समजूत घातली."

आता मात्र पोरीला राहवलं नाही. तिनं डब्याच्या पिशवीत हात घातला आणि पदक टेबलावर ठेवलं, चहाच्या कपाशेजारी. चटणीचा थोडासा डाग पडला होता त्याला.

सगळे वाकून बघायला लागले. किराणावाल्यानं त्यावरचं 'प्रथम' मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"मंग ती काठी?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"जिंकल्यावर पाडली," पोरगी म्हणाली. "जिंकलेली बी पाडतेच, काका. कायम."

आबांना हे समजून घ्यायला वेळ नव्हता. ते उभे राहून ओरडत होते, "अरे बॅनर आणा बे! कुठं टाकलं ते?"

बॅनर तिच्या वडिलांनी नेलं होतं. टाकून देणार असाल तर कोकरांवर थंडीचं टाकतो, असं म्हणून. सगळा चौक खोपीकडं निघाला. खोपीवर बॅनर ताणून बांधलेलं होतं, छापलेली बाजू आतून. आबा वाकून आत शिरले आणि वर बघितलं, तर आबाच. कानाला मोबाईल. खाली कोकरं एकमेकांना चिकटून निजली होती.

"सोडायचं का आबा?" तिच्या वडिलांनी विचारलं. मग हळूच म्हणाले, "आत्ता कुठं निजलेत."

आबा एका कोकराकडं बघत राहिले. "राहू द्या," ते म्हणाले. बाहेर येऊन गुडघे झटकत पोरीला म्हणाले, "विभागाच्या टायमाला नवं छापू. याच्याहून मोठं."

"विभाग झाल्यावर छापा आबा," ती म्हणाली.

"अन् हारलीस तर?"

"तर बी छापा. काठी पाडतानाचा फोटू हाय की तुमच्याकडं."

वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, मी म्हणलतो ना, पोरगी लई भारी पाडती. कुणी ऐकंना माझं." मी समजावून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या घरात आधीच सगळं नीट समजलेलं होतं.

सोमवारी ती चौकातून आली, सरळ रस्त्यानं. उशीर झालाच होता. खांद्यावर चौकातला आडवा बांबू होता, आबांना विचारून सोडून आणलेला. आमचा जुना तडकला होता, तो कुणामुळे, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. तिनं बांबू भिंतीवरून आत सरकवला आणि मागून उडी मारून आली.

आम्ही तो खांबांना लावला, माझ्या डोक्याच्याही वर. मुलं ओळीनं बसली. इतिहासाचे सर चहाचा कप घेऊन खिडकीत आले.

"पहिला नंबर मॅडमचा!" ती ओरडली.

मी ओढणी कमरेला बांधली.